सहा बोटांच्या नातीला घेऊन नगरला

सन दोन हजार चोवीस. मला एकाहत्तरावं सरत आलं होतं. शाळा तिसरीपर्यंत झाली, पण अंगठा कधी उठवला नाही, सहीच केली. नगरला आजवर गेलो तो बैलबाजाराला, नाहीतर कोर्टाला. दवाखान्यासाठी कधी गेलो नव्हतो. या खेपेला गेलो तो नातीच्या डोळ्यांपायी. प्रवास फार लांबचा नाही. पण दिवेलागणीला अडखळणारं पोर ज्या घरात आहे, आणि घरची माणसं त्याला वेंधळं म्हणून दटावतात, त्या घरासाठी हे लिहून ठेवतो.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. माझ्या तोंडात नगरच येतं, म्हणून इथंही तेच लिहीन.

निघण्याआधी

आमचं गाव शेवगावच्या पूर्वेला. काळं रान, पाणी कमी, रब्बीच्या ज्वारीवर सगळी मदार. नातीचं नाव ईश्वरी, चौथीत आहे. तिच्या डाव्या हाताला करंगळीच्या बाहेरच्या अंगाला एक बारकं सहावं बोट आहे, नखासकट. उजव्या पायालाही सहा. जन्मली तेव्हा दवाखान्यातली नर्स म्हणाली, दोरा बांधून टाकू, आपोआप गळून जाईल. मी नाही म्हणालो. देवानं जास्तीचं दिलं ते कापणारे आपण कोण?

आमच्याकडे सहा बोटांचा हात भाग्याचा मानतात. पेरणीच्या दिवशी तिफणीच्या चाड्यात, म्हणजे ज्या वाटीतून बी खाली जातं तिच्यात, पहिली मूठ अशा हाताची टाकतात. ईश्वरी तीन वर्षांची असताना मी आमच्या रानात तिच्याकडून मूठ टाकून घेतली. त्या साली ज्वारी माणूस बुडेल एवढी आली. दुसऱ्या साली शेजारचा शंकर तिला न्यायला आला. मग इतरही येऊ लागले. पेरणीच्या दिवसांत माणसं दारात उभी राहायची आणि पोर आधी कुणाकडं जाणार ते मी ओसरीवर बसून ठरवायचो. ते मला फार आवडायचं, खोटं कशाला लिहू. पोर अंगानं भरलेली, वयाच्या मानानं जास्तच. खात्यापित्या घरची आहे, असं मी चारचौघांत सांगायचो.

दिवस मावळला की मात्र तिचं काहीतरी बिनसायचं. भरलेला तांब्या लाथाडायची, झोपलेल्या कुत्र्यावर पाय द्यायची. म्हातारी, म्हणजे माझी बायको, तिला ओरडायची. देवळात, रानात, दुकानात ती माझ्याबरोबर यायची ती माझ्या उपरण्याचं टोक धरून. गावात तिला आबाचं शेपूट म्हणायचे. त्याचाही मला अभिमान होता. नातवंडं अशी आजोबाला धरून असतात कुठं आजकाल?

शाळेतल्या बाईंनी सुनेला, सविताला, बोलावून घेतलं. पोरीला फळ्यावरचं दिसतं, पण शेजारी ठेवलेलं दप्तर दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. शेवगावच्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि हे चष्म्याचं काम नाही, पडदा बघावा लागेल, नगरला न्या म्हणाला. मी नेलं नाही. शेवग्याचा पाला आणि गाजरं सुरू केली. दिवाळी जवळ आली तरी फरक पडेना. शेवटी मुलाचा फोन आला. तो कर्नाटकात ऊसतोडणीच्या मशीनवर असतो. तो एवढंच म्हणाला, "आबा, तुमी नेल्याबिगर सविता जायाची न्हाई. न्या पोरीला."

शंकरची पेरणी राहिली होती. त्याला सांगितलं, आल्यावर पोर पाठवतो, तोवर थांब. तो थांबला.

करंजीचा घाट

सकाळच्या एसटीत आम्ही चौघं. मी, सविता, ईश्वरी आणि सविताच्या मांडीवर आठ महिन्यांचा नातू. त्याच्याही डाव्या पायाला सहा बोटं आहेत. म्हणून मीच त्याचं नाव भाग्येश ठेवलं. म्हातारीनं त्याला तांबडे लोकरीचे मोजे घातले होते आणि बाहेर काढायचे नाहीत म्हणून बजावलं होतं, कुणाची नजर लागेल. उन्हाचा दिवस, पोराचे पाय घामेजले होते, पण म्हातारीचा शब्द.

तिसगाव मागं पडल्यावर ऊन सविताच्या बाजूला आलं. मी उपरणं काढून खिडकीच्या गजांना बांधलं, बाळाला सावली झाली. घाट सुरू झाला तसा वारा गार लागला. आमच्याकडचं रान म्हणजे ताटासारखं सपाट. घाटातल्या डोंगराला मात्र पाऊस सरल्यावरचं पिवळं गवत होतं आणि वळणावळणावर बायका पाट्यांत सीताफळं घेऊन बसल्या होत्या. खालच्या उतारावर एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता, शे-दीडशे तरी असतील. मी ईश्वरीला म्हणालो, ते बघ. तिनं सगळी मान फिरवली, वर, खाली, मग पुन्हा बाजूला. तिला सापडेपर्यंत गाडी पुढं गेली. मी म्हणालो, झोपेत आहेस का गं.

नगरला गर्दीत उतरलो. गाडी वळून गेली आणि खांदा मोकळा लागला. उपरणं गजांनाच राहिलं होतं. गाडी गेली त्या रस्त्याकडं मी बघत राहिलो. सविता म्हणाली, जाऊ द्या आबा, दुसरं घेऊ. ईश्वरीनं मात्र दोनदा विचारलं, मिळेल का परत म्हणून. मला वाटलं, पोरीचा जीव आहे माझ्या वस्तूंवर.

दवाखान्यात

डोळ्यांचा मोठा दवाखाना. आमच्याकडं दवाखान्यात गेलं की आधी डॉक्टरला नमस्कार, मग दुखणं. इथं आधी कागद, मग थेंब, मग दुसरे थेंब. बाहुली मोठी व्हायला थांबावं लागतं म्हणून आम्ही आवारातल्या लिंबाखाली फडकं पसरलं आणि बाजरीची भाकरी, ठेचा सोडला.

शेजारी राहात्याकडची एक बाई आपल्या मुलाला घेऊन बसली होती. मुलाचे केस, भुवया, पापण्यासुद्धा पांढऱ्या, कातडी गोरीपान, आणि डोळे जागेवर ठरत नव्हते, आपले हलत होते. डोक्यावर मोठी टोपी. तिनं आपल्या बागेतले पेरू काढले आणि आम्हाला दिले. आम्ही न विचारताच तिनं सांगितलं, जन्मापासून असंच आहे, रक्तातलं आहे, ऊन सोसत नाही, पण भिंगानं पुस्तक वाचतो आणि पहिल्या बाकावर बसतो. लोक बघतात का, असं सवितानं हळूच विचारलं.

"बघत्यात की," ती म्हणाली. "बघू द्या. त्येंचे डोळे चांगले हायेत, वापरू द्या."

मुलगा हसला. मग तिनं मला विचारलं, तुमच्या पोरीला काय झालंय? मी म्हणालो, काही नाही, चष्म्याला आलोय. सविता खाली मान घालून भाकरी मोडत राहिली.

आत पोरीला अंधाऱ्या खोलीत बसवून डोळ्यांना तारा लावल्या. एका यंत्रात डोकं ठेवून, ठिपका दिसला की बटण दाबायचं असंही झालं. मी काचेतून बघत होतो. ठिपके बाजूबाजूला पेटत होते आणि पोर बटण दाबतच नव्हती. मला वाटलं, तिला कळलं नाही काय करायचं ते.

डॉक्टरीणबाई तशा तरुणच होत्या, माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी डोळे तपासले, आणि मग डोळे सोडून पोरीचा डावा हात हातात घेतला. मी ताठ झालो. भाग्याचा हात आहे म्हणून सांगितलं, पेरणीची मूठ, माणसाएवढी ज्वारी, सगळं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, चपला काढ बाळा. पायाची बोटं पाहिली. मग वजन केलं. जेवण किती, पाणी किती पिते, लघवीला किती वेळा जाते, असलं सवितालाच विचारत बसल्या.

मी म्हणालो, "बाई, आमी डोळ्यासाठी आलोय. बोटाचं काय काढलंय?"

"आजोबा," त्या म्हणाल्या, "डोळे, बोटं आणि हे वाढलेलं वजन, तिन्ही एकाच दुखण्याची लक्षणं आहेत. जन्माच्या आधीपासूनचं आहे हे. फार थोड्या मुलांना होतं."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. डोळ्याच्या मागचा पडदा हळूहळू निकामी होत चालला आहे. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, मग एखाद्या नळीतून बघावं तसं पुढचं तेवढं उरतं. पुढं तेही जाऊ शकतं, मोठी होईस्तोवर. यावर आज औषध नाही, ऑपरेशन नाही. रक्त पाठवून नक्की करू, पण मला शंका नाही. तिला दिसतंय तोवर काठी धरून चालायला, बोटांनी वाचायला शिकवा. आणि मूत्रपिंडं सांभाळायची. या दुखण्यात ती काही न दुखता खराब होतात, आणि लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं. उद्या सकाळी उपाशीपोटी सोनोग्राफी करू.

ईश्वरी माझ्या शेजारीच होती. ती आपल्या बोटाशी खेळत होती.

मी म्हणालो, पुण्याला नेतो. त्या म्हणाल्या, जरूर न्या, पण तोवर दिवस वाया घालवू नका. कुणाच्या चुकीनं झालं का, असं सवितानं विचारलं. कुणाच्याच नाही, आईबाप दोघांच्याही रक्तात ते झाकलेलं असतं आणि त्यांना स्वतःला काही होत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग कागदावर काही लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कुठल्या मुलाला जास्तीचं बोट आहे?"

"न्हाई," मी म्हणालो.

बाळ सविताच्या मांडीवर झोपलं होतं. तांबडे मोजे टेबलाच्या कडेला टेकले होते. सविता एकदा मोज्यांकडं बघत होती, एकदा माझ्याकडं. घरात आल्यापासून तिनं माझा शब्द कधी खोडला नव्हता, तेव्हाही खोडला नाही. डॉक्टरीणबाईंनी पुढचं पान उलटलं.

भिंगार

मुक्कामाला भिंगारला गेलो, भाच्याकडं. अशोक माझ्या बहिणीचा मुलगा, लष्कराच्या कोठारात कामाला असतो, तिथंच क्वार्टर आहे. भिंगार म्हणजे एकीकडं जुना बाजार, एकीकडं लष्कर. आमच्याकडं दारं दिवसभर उघडी. इथं एका रांगेतली घरं, सगळ्यांना सारखाच रंग, दारं लावलेली, अंगणातले दगडही चुना लावून ओळीत ठेवलेले. शिस्त चांगली, पण कोण जेवलं, कोण उपाशी, ते शेजारच्याला कळायचं नाही.

अशोकनं माझ्या मोकळ्या खांद्याकडं बघितलं. "मामा, उपरणं एसटीला वाहून आलात व्हय? डोस्कं तरी आणलंय ना संगं?"

मी हसलो नाही, तसा तो पाणी आणायला आत गेला. त्याच्या बायकोनं मटकीची उसळ आणि बेकरीचा पाव वाढला. पावानं माझं पोट भरत नाही, पण ईश्वरीला तो फार आवडला. बेकरी कशी असते ते तिला बघायचं होतं. दिवस मावळायला आला होता. घरात सविता बोलत नव्हती आणि मला तिच्यासमोर बसवत नव्हतं, म्हणून पोरीला घेऊन बाजाराकडं निघालो.

बेकरी पाहिली. भट्टीतून पाव काढणारा तिला म्हणाला, लांब उभी राहा, भाजेल. ती खूश होती. परत फिरलो तोवर अंधार पडला होता, आणि मधल्या बोळात यायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. मी आपल्या चालीनं पुढं गेलो. थोड्या वेळानं ध्यानात आलं की मागं पाऊल वाजत नाही. वळून बघितलं तर पोर बोळाच्या मधोमध उभी. रडत नव्हती, हाका मारत नव्हती. दोन्ही हात थोडे पुढं केलेले, जसं कुणी काही देणार आहे आणि ते घ्यायचं आहे. समोरून एक मोटारसायकल दिवा लावून आली. तिला दिवा दिसला असेल, पण कुठं सरकावं ते कळेना. गाडीवाल्यानं गाडी थांबवली आणि तोंडातल्या तोंडात काही बोलून बाजूनं गेला.

मी पळालो. या वयात पळालो. तिला जवळ घेऊन म्हणालो, थेंब घातले होते ना, त्यानं दिसत नसेल.

"थेंबानं न्हाई," ती म्हणाली. "आबा, तुमचं उपरणं न्हाई ना. मग मी कशाला धरू?"

मला आधी उमजलं नाही. मग तिनं सांगितलं. दिवस मावळला की तिला उपरणं दिसत नाही, मी पण दिसत नाही. पण टोक हातात असलं की मी वळलो ते कळतं, थांबलो ते कळतं, पायरी उतरलो तर टोक खाली जातं. मी विचारलं, कधीपासून. म्हणाली, पहिल्यापासून.

मी म्हणालो, "मग सांगितलं का न्हाई मला?"

"आईला सांगितलं हुतं. तुमाला कसं सांगू? तुमीच सगळ्यांना सांगता, सहा बोटाच्या पोरीला काय कमी हाय म्हणून."

अंधारात तिला माझं तोंड दिसत नव्हतं हे त्या वेळी बरं वाटलं. मी तिचा हात धरून चालायला लागलो, तर म्हणाली, हात नको, तुम्ही ओढता. सदऱ्याची बाही द्या. मी कोपर पुढं केलं. तिनं बाही मुठीत धरली आणि अर्धं पाऊल मागं राहून माझ्याबरोबर चालू लागली, नीट, कुठं न अडखळता. घरी नेहमी चालायची तशीच. शेपूट म्हणून मी ज्याचा अभिमान धरला, ती तिची काठी होती. आणि ती मी गजांना बांधून विसरून आलो होतो.

क्वार्टरमध्ये मेणबत्ती लावली होती. सविता बाळाचे पाय पुसून मोजे पुन्हा चढवत होती. ईश्वरी आत गेल्यावर ती उभी राहिली. पदर सावरला आणि खाली बघूनच बोलली, पण आवाज हलला नाही.

"आबा, उद्या मी सांगणार हाय डॉक्टरीणबाईंना. बाळाचं. तुमी रागावला तरी सांगणार हाय. पोरीचं कळायला आपुन येळ केला, ह्येचं करायचा न्हाई मला."

मी तिच्याकडं बघितलं. दहा वर्षांत तिनं माझ्यासमोर एवढं सलग बोललेलं मला आठवत नाही. अशोक दारात उभा होता, तो बाहेर सटकला. बोलण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं. पण सवयीनं तोंडातून निघालं ते असं, "घरातला कर्ता मानूस मी हाय. डॉक्टरशी बोलायचं ते मी बोलंन. तू मधी बोलायचं न्हाई."

ती बाळाला घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली. मला काय म्हणायचं होतं ते मी समजावून सांगितलं नाही. समजावून सांगायची मला सवय नाही.

दुसरी सकाळ

लष्कराचा बिगूल वाजला तेव्हा मी जागाच होतो. अशोकनं रिक्षा आणून दिली. ईश्वरीनं माझी बाही धरली होती, दिवसाउजेडीही धरली होती, मी सोडवली नाही. सविता बाळाला छातीशी घट्ट धरून रस्त्याकडं बघत होती. दवाखान्यात पोरीची सोनोग्राफी झाली. मग आम्हाला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बोलावलं.

त्या सोनोग्राफीचे फोटो बघायला लागल्या. सविता श्वास घेऊन तोंड उघडणार तेवढ्यात मी तिच्या मांडीवरून बाळाला उचललं. तिला वाटलं मी त्याला बाहेर नेतोय. तिनं माझा सदरा धरला, आणि धरूनच राहिली.

ईश्वरीच्या हाताचं पेरलेलं उगवलं, हे आजही मी खोटं मानत नाही. पण मी बाळाला टेबलावर, त्यांच्या कागदांवर बसवलं. तो त्यांचा पेन धरायला गेला. मी त्याचा डावा पाय हातात घेतला. मोजा घामानं चिकटला होता, सुटेना. सविता पुढं झाली, तिला मी थांबवलं आणि माझ्या हातानं तो काढला.

"काल मी न्हाई म्हनलो हुतो," मी म्हणालो. "मोजा, बाई. सहा हायेत."